किलमार्नॉक व ट्रून रेल्वे

किलमार्नॉक व ट्रून रेल्वे : स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येकडील एअरशर परगण्यातील आद्य रेल्वे कंपनी. किलमार्नॉक परिसरातील दगडी कोळसा ट्रून बंदरात उतरवून आयर्लंडला पाठवणे हा तिचा मुख्य उद्देश. ब्रिटिश संसदेने २७ मे १८०८ रोजी तिचा कायदा संमत केला आणि ६ जुलै १८१२ रोजी मार्ग खुला झाला. मार्ग दुहेरी, लांबी सु. १५ किमी. व रुंदीमाप (चाकांच्या दोन समांतर वाटांमधील अंतर) ४ फूट. अभियंता विल्यम जेसप. मूळ भांडवल ४०,००० पौंड असून त्यातील बहुतेक भाग टिचफील्डचा मार्क्विस (१८०९ पासून पोर्टलंडचा चौथा ड्यूक) याच्याकडे होते. कंपनी म्हटली, तरी तो बव्हंशी एका जमीनदाराचाच उद्योग होता.

‘स्कॉटलंडमधील पहिली रेल्वे’ हे तिचे वर्णन जपून वापरावे लागते. ट्रॅनंट ते कॉकेन्झी हा लाकडी रुळांचा कोळसामार्ग १७२२ च्या सुमारास, म्हणजे नव्वद वर्षे आधीच, अस्तित्वात होता. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली स्कॉटलंडमधील पहिली रेल्वे, एवढे मात्र निर्विवाद आहे.

या मार्गाला आजच्या अर्थाने रूळ नव्हते. सुमारे तीन फूट लांबीच्या ओतीव लोखंडी पट्ट्या दगडी ठोकळ्यांवर बसवलेल्या असत. पट्टीचा छेद काटकोनी. आडव्या भागावरून चाक चाले आणि उभी कड त्याला बाहेर जाऊ देत नसे. वाटेवर ठेवण्याचे काम पट्टीच करी, म्हणून चाकाला स्वतःची कड लागत नसे. साध्या सपाट धावेची, योग्य रुंदीची गाडी घोड्यासह मार्गावर आणावी, पथकर भरावा आणि जावे, अशी सोय होती. प्रवासी वाहतूकही होत असे.

वाफेच्या एंजिनाची चाचणी येथे १८१६ मध्ये झाली की १८१७ मध्ये, याविषयी एकवाक्यता नाही. दोन्ही वर्षे आढळतात. एंजिन जॉर्ज स्टीफन्सनचे होते, हे सामान्यतः मान्य आहे. स्कॉटलंडमधील वाफेच्या एंजिनाचा हा पहिला प्रयोग मानतात. एंजिनाच्या वजनाने पट्ट्या फुटू लागल्या. ओतीव लोखंड दाब सोसते, पण वाकवणाऱ्या भाराखाली तडकते. त्यामुळे दोष एंजिनापेक्षा मार्गाचा मानणे अधिक योग्य वाटते. घोडे पुढेही तीस वर्षे चालत राहिले.

अर्व्हिन नदीवरील लेह मिल्टन पूल हा या कंपनीचा सर्वांत मोलाचा अवशेष. चार कमानींचा हा दगडी पूल सार्वजनिक रेल्वेवरील जगातील सर्वांत जुन्या, टिकून असलेल्या पुलांपैकी एक होय. इंग्लंडमधील कॉझी कमान हा रेल्वेपूल त्याहून सु. पंच्याऐंशी वर्षे जुना आहे. पण तो एकाच कमानीचा व खाजगी कोळसामार्गाचा असल्याने दोहोंची तुलना करताना हा भेद ध्यानात घ्यावा.

ग्लासगो, पेझ्ली, किलमार्नॉक व एअर रेल्वेने १८४६ मध्ये मार्ग भाड्याने घेतला, पट्ट्या काढून प्रमाण रुंदीमापाचे रूळ टाकले आणि १८४७ मध्ये वाफेची वाहतूक सुरू केली. नदी ओलांडण्यासाठी जवळच नवा पूल बांधल्याने लेह मिल्टन पूल वापरातून गेला. दीर्घकाळ पडझड होत राहिलेल्या या पुलाचा १९९५–९६ मध्ये जीर्णोद्धार झाला. मूळ कंपनी कागदोपत्री मात्र १८९९ पर्यंत टिकली. त्या वर्षी ग्लासगो अँड साऊथ वेस्टर्न रेल्वेने ती विकत घेतली.