पैसे घेतले म्हणून चोरी होत नाही

नागपुरात बर्डीवरच्या दुकानात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली टाकून द्यायचे पैसे मागितले, की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे तं फुकट राहते नं भाऊ, मंग पैसे कायचे?" प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचा संशय चुकीचा. मुक्त आणि फुकट हे शब्द मराठीत वेगळे आहेत. इंग्रजीत दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त संगणक प्रणाली बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८५ मध्ये ते स्वतः ईमॅक्स हा मजकूर लिहायचा प्रोग्राम टेपवर भरून १५० डॉलरला विकत. आपला प्रोग्राम कोणी विकू नये, असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं. विकत घेणाऱ्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिखित मजकूर, मिळावा, त्यात बदल करता यावा आणि प्रत पुढे देता यावी, एवढाच त्यांचा आग्रह. १९८९ च्या जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) परवान्यात हेच कायद्याच्या भाषेत उतरलं.

लिनक्सचा पहिला परवाना मात्र विक्रीच्या विरोधात होता. १९९१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रत देताना हाताळणीचा खर्चही घ्यायला मनाई केली होती. ही अट काढा, असं काही जणांनी त्यांना सुचवलं आणि १९९२ च्या सुरुवातीला त्यांनी जीपीएल स्वीकारला. मला तर इतिहासातलं खरं वळण हेच वाटतं. ती मनाई टिकली असती, तर बर्डीवरचा दुकानदार आज खरोखरच दोषी ठरला असता.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्राम साहित्यकृतींमध्ये धरले गेले. म्हणजे परवानगीशिवाय प्रत काढणं गुन्हाच. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ती परवानगी परवानाच देतो, अटींसकट. जीपीएलखालचा प्रोग्राम विकताना सोर्स कोड दडवला किंवा "पुढे कोणाला देऊ नका" असं गिऱ्हाइकाला बजावलं, की अट मोडली आणि परवानगी गेली. राउटरमध्ये असा कोड वापरून अटी न पाळणाऱ्या कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये जीपीएल ग्राह्य धरला.

नावाचं प्रकरण निराळं. कोड मुक्त असला तरी नाव आणि बोधचिन्ह ट्रेडमार्कखाली राहतात. याच ट्रेडमार्कच्या वादातून डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीने २००६ पासून २०१६ पर्यंत फायरफॉक्स हा ब्राउझर 'आइसवीझल' या नावाने दिला.