निवास-प्रवास खर्चभार

निवास-प्रवास खर्चभार : शहरी कुटुंबाचा घरावरचा खर्च आणि ते घर जिथे आहे तिथून रोज कामाला जाण्यायेण्याचा खर्च, यांची बेरीज उत्पन्नाचा किती भाग खाते हे मोजणारी संकल्पना. गावाबाहेर भाडे कमी, पण तिकिटाचे पैसे आणि वेळ जास्त, या नात्यावर ती उभी आहे. प्रवासाच्या सोयी कोणत्या वस्तीला, कोणत्या वर्गाला, बाईला किती आणि पुरुषाला किती मिळतात, हा विचार वाहतूक-समतेत येतो. दोन्ही विषय हल्ली एकत्रच अभ्यासले जातात. मराठीत संज्ञा अजून स्थिरावलेली नाही. ‘परवडणारी घरे’ रूढ आहे. त्यावरून ‘गृहपरवड’ असे नाम मात्र करू नये, कारण ‘परवड’ म्हणजे हाल.

घरखर्च उत्पन्नाच्या ३०% च्या आत असावा, या दंडकाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही लेखक तो जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल (१८५७) यांच्यापर्यंत नेतात. परंतु एंगेल यांचे मूळ विवेचन प्रामुख्याने अन्नखर्चाचे आहे. भाड्याचे प्रमाण सर्व उत्पन्नगटांत साधारण सारखेच राहते, हा नियम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या १८७५ च्या पाहणीत कॅरोल राइट यांनी एंगेल यांच्या नावावर घातला असे दिसते. हेर्मान श्वाबे यांनी १८६८ मध्ये बर्लिनच्या आकड्यांवरून याच्या उलट मांडणी केली होती : उत्पन्न जितके कमी, तितका भाड्याचा वाटा मोठा. उगम शोधायचाच तर श्वाबे यांच्याकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. अमेरिकेत ‘आठवड्याची मजुरी म्हणजे महिन्याचे भाडे’ असा ठोकताळा बहुधा १९ व्या शतकाच्या अखेरीस प्रचलित होता. तेथील गृहनिर्माण कायद्याच्या १९६९ च्या ब्रूक दुरुस्तीने सार्वजनिक घरांच्या भाड्यावर उत्पन्नाच्या २५% ची मर्यादा घातली; १९८१ मध्ये ती ३०% झाली. म्हणजे हा आकडा प्रशासकीय सोयीचा आहे, संशोधनातून निघालेला नव्हे. भाडे वजा जाता उरलेल्या पैशांत कुटुंबाचे भागते का, ही मायकेल स्टोन यांची कसोटी गरीब कुटुंबांना जास्त न्याय देते.

प्रवासाची बाजू योहान फोन थ्यूनेन (१८२६) यांच्या, बाजारापासूनच्या अंतरावर शेतजमिनीचे मोल ठरते या सिद्धांतातून विल्यम आलोन्सो (१९६४) यांच्या नागरी भूमूल्यविचारात आली. जॉन केन यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची वस्ती एकीकडे आणि रोजगार दुसरीकडे, ही विसंगती पुढे आणली. शिकागोतील एका संस्थेने २००६ मध्ये दोन्ही खर्चांचा एकत्रित निर्देशांक तयार केला. त्यासाठी उत्पन्नाच्या ४५% ही मर्यादा पुढे रूढ झाली.

भारतात दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाने (२००८) दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी घराची किंमत वार्षिक उत्पन्नाच्या चौपटीच्या आत आणि हप्ता किंवा भाडे ३०% च्या आत, अशी व्याख्या केली. तीत प्रवास नाही. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण (२००६) वाहनांऐवजी माणसांच्या ने-आणीवर भर देते, पण घराच्या किमतीशी त्याचा सांधा जुळवलेला नाही. कामावर जाण्याचे अंतर व साधन २०११ च्या जनगणनेत नोंदले गेले, मात्र शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातील कामगार त्यातून वगळले होते. ही त्रुटी लहान नाही.

बेळगाव (अधिकृत नाव बेळगावी, २०१४ पासून) येथे ती विशेष जाणवते. शहापूर, वडगाव, खासबाग भागांत माग आणि चूल एकाच छपराखाली असतात. प्रवासखर्च शून्य, पण मागाची जागाही घरातच जात असल्याने ‘घरखर्च’ फुगतो. निपाणीत घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचेही तसेच. कर्नाटकातील शहरांत लीजची चाल आहे : घरमालकाला एकरकमी अनामत द्यायची आणि दरमहा भाडे द्यायचे नाही. पाहणीत असे घर फुकटचे दिसते. त्या रकमेसाठी दागिने गहाण ठेवले असतील किंवा व्याजाने पैसे उचलले असतील, तर ते भाड्याच्या रकान्यात येत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्या आणि मशीनशॉप यांच्याकडे येणारा कामगार मच्छे, पिरनवाडी, खानापूरच्या बाजूने येतो. शेवटची बस चुकली की शेअर रिक्षा किंवा वडाप (प्रवासी घेणारी खासगी गाडी), आणि त्या दिवशी दुप्पट-तिप्पट पैसे.

सीमाभागात हिशेब आणखी गुंततो. कर्नाटकाची ‘शक्ती’ योजना (११ जून २०२३) राज्यातील रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास देते. महाराष्ट्राच्या एस. टी.त महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातून रोज बेळगावला कामाला येणाऱ्या बाईला हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत सवलत मिळते, पुढे पूर्ण तिकीट. कर्नाटकाचा रहिवास दाखला नसल्याने ‘शक्ती’ही लागू होत नाही. तिच्या शेजारच्याच सीटवर बसणाऱ्या, हद्दीच्या कर्नाटकाकडच्या गावातील मैत्रिणीचा खर्चभार कामाचे ठिकाण तेच असूनही वेगळा निघतो. सीमावाद चिघळला की, डिसेंबर २०२२ मध्ये झाले त्याप्रमाणे, एस. टी.च्या फेऱ्या थांबतात. त्या दिवसांचा खाडा कोणत्याच निर्देशांकात मोजला जात नाही.