एफआरएस व जीएमआरएस: शक्तिमर्यादा आणि सुसंगतता

अमेरिकेत सर्वसामान्यांना वॉकीटॉकीवर बोलण्यासाठी ज्या सेवा आहेत, त्यांपैकी फॅमिली रेडिओ सर्व्हिस (एफआरएस) आणि जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस (जीएमआरएस) या दोन एकाच 22 चॅनेलवर चालतात. दोन्हींचे नियमन फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन करते. एफआरएसला परवाना लागत नाही; जीएमआरएसचा परवाना 10 वर्षांचा असतो, तो एकाच्या नावावर काढला तरी कुटुंबीयांना चालतो आणि त्यासाठी परीक्षा नसते.

शक्तीची मर्यादा केवळ संचावर नव्हे, चॅनेलवरही ठरते. 2017 मध्ये नियम बदलल्यापासून चॅनेल 1 ते 7 आणि 15 ते 22 वर एफआरएसला 2 वॅट प्रभावी उत्सर्जित शक्ती (अँटेनाचा परिणाम धरून बाहेर पडणारी शक्ती) वापरता येते. जीएमआरएसला 1 ते 7 वर 5 वॅट, तर 15 ते 22 वर 50 वॅटपर्यंत मुभा आहे. 8 ते 14 वर मात्र दोघांनाही जेमतेम अर्धा वॅट. ही चॅनेल 467 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, जीएमआरएस रिपीटर (ऐकलेले बोलणे पुन्हा प्रक्षेपित करून दूर पोहोचवणारी केंद्रे) ज्या कंप्रतांवर (फ्रिक्वेन्सींवर) ऐकतात त्यांच्या अधेमधे बसवलेली आहेत. तिथे जास्त शक्तीने बोलले, तर रिपीटरच्या कानाशीच गोंगाट होईल.

चॅनेल क्रमांक, म्हणजेच कंप्रता, सारखा असेल तर कोणत्याही कंपनीचे संच एकमेकांशी बोलतात. अडचण येते ती असमानतेची. 50 वॅटच्या गाडीतल्या संचाचे बोलणे दूरवरच्या छोट्या एफआरएस संचाला स्पष्ट ऐकू येते, पण त्याचे उत्तर उलट पोहोचेलच असे नाही. शिवाय एफआरएसचा अँटेना संचापासून वेगळा करता येऊ नये, असा नियम आहे. त्यामुळे मोठा अँटेना लावून ही तूट भरून काढायची सोयही नाही. जीएमआरएसच्या रुंद बँडवरून, म्हणजे चॅनेलभोवती कंप्रतांची जास्त जागा वापरून, केलेले बोलणे कमी जागा वापरणाऱ्या अरुंद बँडच्या संचावर कधी फाटल्यासारखे येते. उलट दिशेने आवाज बारीक वाटतो.

शक्तीला लोक फाजील महत्त्व देतात. अर्ध्या वॅटचे दोन वॅट केले, तर मोकळ्या अवकाशात पल्ला फार तर दुप्पट होतो. प्रत्यक्षात डोंगर, इमारती, झाडी आणि अँटेनाची उंची यांचाच निर्णय मोठा असतो. वेष्टनावर छापलेल्या मैलांच्या आकड्यांवर म्हणूनच विसंबू नये.

‘प्रायव्हसी कोड’ हा आणखी एक फसवा प्रकार. तो ऐकू न येणाऱ्या स्वराच्या आधारे इतरांचे बोलणे आपल्या संचावर दाबतो, आपले बोलणे मात्र लपवत नाही. दोन संच एकाच चॅनेलवर असूनही बोलणे होत नसेल, तर आधी हा कोड दोन्हीकडे बंद करून पाहावा.

युरोपातील पीएमआर 446 संच 446 मेगाहर्ट्‌झवर अर्ध्या वॅटने चालतात. त्यांचा या सेवांशी संपर्क होत नाही. अमेरिकेत हा पट्टा हौशी रेडिओच्या वाट्याला असल्याने तिथे ते वापरणेही नियमबाह्य ठरते.