अॅम्लोडिपिन

उच्च रक्तदाबावर रोज घ्यावयाची गोळी. हृदयशूलातही, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याने छातीत येणाऱ्या कळेवरही, ती दिली जाते. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील सँडविच येथील प्रयोगशाळेत हे औषध तयार झाले. १९९० पासून ते वापरात आहे आणि अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या अशा दोन्ही याद्यांत त्याचा समावेश आहे. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येते. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते आणि जनऔषधी केंद्रात अत्यंत स्वस्त.

रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरले की ते स्नायू आवळले जातात आणि वाहिनी अरुंद होते. अॅम्लोडिपिन कॅल्शियमची ही वाट अडवते. त्यामुळे लहान धमन्या सैल होतात, रक्ताला होणारा विरोध कमी होतो आणि दाब उतरतो.

या औषधाचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे त्याची संथ गती. गोळी घेतल्यानंतर रक्तातील तिचे प्रमाण ६ ते १२ तासांनी सर्वाधिक होते. त्यातले निम्मे औषध शरीरातून जायला ३० ते ५० तास लागतात. रोज एक गोळी घेत राहिल्यास साधारण आठवड्याने रक्तातील पातळी स्थिरावते. म्हणूनच दिवसातून एक गोळी पुरते आणि दाब एकदम कोसळण्याची भीती कमी राहते. नेमकी हीच गती ठाऊक नसल्याने बऱ्याच चुका होतात.

पहिली चूक उतावळेपणाची. घरच्या यंत्रावर आकडा जास्त दिसला की काही जण लगेच आणखी एक गोळी घेतात. त्या गोळीचा त्या तासात काहीच उपयोग होत नाही. तिचा जोर चढतो तो रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, दाब एव्हाना आपोआप उतरलेला असतो तेव्हा. मग चक्कर येते, म्हातारी माणसे पडतात. मात्रा वाढवायची की नाही हे एका आकड्यावरून ठरत नाही. डॉक्टरही ती साधारण एक ते दोन आठवडे वाट पाहूनच बदलतात. नेहमीची सुरुवात ५ मिलिग्रॅमने होते. वृद्ध, कृश किंवा यकृताचा विकार असलेल्यांना २.५ मिलिग्रॅम देतात. दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम आहे.

दुसरी चूक अधिक घातक, कारण ती करणाऱ्याला आपले बरोबरच आहे असे वाटते. बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी बंद केली जाते. दोन दिवसांनी मोजले तरी आकडा चांगलाच येतो आणि ‘आता गोळीची गरज नाही’ अशी खात्री पटते. प्रत्यक्षात तो आकडा शरीरात उरलेल्या औषधाचा असतो. पुढच्या दिवसांत दाब हळूहळू पूर्वपदावर जातो. त्याचा त्रास जाणवत नाही, त्यामुळे कोणी मोजतही नाही. वजन घटल्यामुळे, मीठ कमी केल्यामुळे काहींची मात्रा खरोखर कमी करता येते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पुढे काही आठवडे दाब मोजत राहूनच.

एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी. १२ तासांहून अधिक वेळ गेला असेल तर ती सोडून द्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. गोळी सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, यावर घरोघरी चर्चा चालते. जी वेळ रोज पाळता येईल ती घ्यावी, एवढेच खरे.

दुष्परिणामांत घोट्यांवरची सूज सर्वाधिक त्रासदायक. ५ मिलिग्रॅमवर ती थोड्यांना येते. १० मिलिग्रॅमवर औषधाच्या चाचण्यांत सुमारे दहातील एकाला आली, स्त्रियांना अधिक. ही सूज अंगात पाणी साठल्याने येत नाही. धमन्या सैल होतात पण शिरा तितक्या होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि द्रव आजूबाजूच्या ऊतींत झिरपतो. म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ती फारशी ओसरत नाही. तरीही सुजलेले पाय पाहून तशी गोळी जोडली जाते, मग पोटॅशियम घटते, पायांत गोळे येतात आणि त्यासाठी आणखी एक औषध सुरू होते. ही साखळी पहिल्याच कडीवर तोडता येते: ‘ही सूज अॅम्लोडिपिनची असेल का?’ हा प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावा. मात्रा कमी केल्याने किंवा टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे दुसरे औषध जोडल्याने सूज बहुधा कमी होते. मात्र सूज एकाच पायावर असेल, दुखत असेल किंवा सोबत दम लागत असेल, तर कारण वेगळे असू शकते आणि तपासणी लगेच हवी. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, धडधड हे त्रास होऊ शकतात. क्वचित हिरड्या वाढतात. दातांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचे सांगावे.

भारतीय बाजारात आणखी एक धोका आहे, तो पाकिटावरच्या नावांचा. अॅम्लोडिपिन अनेक नावांनी, अनेक जोडगोळ्यांत, म्हणजे एकाच गोळीत दुसऱ्या औषधासोबत, विकले जाते. हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावाने आणि घरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने दिलेले औषध एकच निघू शकते आणि मात्रा नकळत दुप्पट होते. काही गोळ्यांत सोबत अॅटेनोलोल हे रक्तदाबाचे दुसरे औषध असते. ते दमेकऱ्याला बाधू शकते आणि हृदयविकार असलेल्याने अचानक सोडल्यास छातीतली कळ बळावते. एस-अॅम्लोडिपिन नावाचा प्रकारही मिळतो. त्याची २.५ मिलिग्रॅमची गोळी साध्या अॅम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमइतकी असते. मेडिकलवाल्याने ‘तेच आहे’ म्हणून पाकीट बदलून दिले, तर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेला घटक आणि त्याचे मिलिग्रॅम जुन्या पाकिटाशी ताडून पाहावेत. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सर्व पाकिटे सोबत न्यावीत, आयुर्वेदिक औषधांसह.

इतर औषधांशी होणारे संबंध थोडे आहेत पण दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि इट्राकोनॅझोल हे नायट्यासाठी सर्रास घेतले जाणारे औषध अॅम्लोडिपिनची रक्तातली पातळी वाढवतात. कोलेस्टेरॉलवरचे सिम्व्हास्टॅटिन सोबत असल्यास त्याची मात्रा २० मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तदाबच वाढू शकतो. गुडघ्यांसाठी ती रोज घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हृदयाची महाधमनी झडप फार अरुंद झालेल्यांना हे औषध जपून देतात. गरोदर असल्यास किंवा गर्भधारणेचा विचार असल्यास बीपीच्या सगळ्याच गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो, विशेषतः टेल्मिसार्टनसोबतच्या जोडगोळीचा, कारण टेल्मिसार्टन गर्भाला घातक आहे.

औषध नीट चालले आहे की नाही हे मोजमापावरच कळते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि बोलू नये. बहुतेकांसाठी १४०/९० च्या खाली हे किमान उद्दिष्ट असते. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टर ते आणखी खाली ठेवतात.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांसाठी एकच साधी, पायऱ्यांची उपचारपद्धत, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा ही त्याची रीत. अॅम्लोडिपिन हा त्या पद्धतीचा पाया आहे. ते अपुरे पडल्यास पुढची औषधे जोडली जातात. त्याला पोटॅशियमच्या वेगळ्या तपासणीची गरज नसल्याने जिथे प्रयोगशाळा जवळ नाही तिथेही ते देता येते, हे त्याचे मोठे बलस्थान.

आकडा १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसले, तर घरातली जादा गोळी देण्यात वेळ घालवू नये; १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. चुकून बऱ्याच गोळ्या पोटात गेल्या असतील तर रुग्ण बरा दिसत असला तरी हेच करावे, कारण दाब काही तासांनी उतरू लागतो आणि दीर्घकाळ उतरलेलाच राहतो.