विरघळलेला रंग आणि कालवलेला रंग

अप्पा बळवंत चौकात प्रिंटरची शाई मागितली की पहिला प्रश्न येतो, "डाय की पिगमेंट?" आपण घुटमळलो तर सल्लाही लगेच मिळतो: "डाय पाण्याची असते, पुसली जाते. पिगमेंट पाण्याची नसते, टिकते." यातलं दुसरं वाक्य चूक आहे आणि पहिलं अर्धंच खरं. इंकजेटच्या रंगांवर काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली. ही दोन वाक्यं मी दुकानांत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि शाळेच्या स्टाफरूममध्येही ऐकली आहेत, म्हणून एकदा नीट लिहितो.

घरच्या आणि ऑफिसच्या इंकजेट प्रिंटरमध्ये दोन्ही शाया पाण्याच्याच असतात. बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी, थोडं ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल, किंचित सरफॅक्टंट (साबणासारखं पाणी पसरवणारं द्रव्य), बुरशी धरू नये म्हणून एखादं रसायन आणि जेमतेम काही टक्के रंग. फरक आहे तो रंग पाण्यात कसा राहतो याचा, आणि त्यासाठी मराठीत दोन नेमकी क्रियापदं आहेत. साखर चहात विरघळते. गेरू पाण्यात कालवतात. डायचा रेणू न् रेणू साखरेसारखा सुटा होतो. पिगमेंट गेरूसारखं असतं, फक्त कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे बारीक दळलेले आणि तळाशी बसू नयेत म्हणून पॉलिमरचं आवरण चढवलेले. इतकी सोयीची क्रियापदं असताना आपले लेख दोघांनाही सरसकट 'रंगद्रव्य' म्हणतात, याचा मला खरंच राग येतो. निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

चमक डायची जास्त, टिकाऊपणा पिगमेंटचा जास्त, हे सगळ्यांना माहीत आहे आणि ढोबळमानाने ते बरोबर आहे. उजेड आणि हवेतला ओझोन यांच्या तावडीत डायचा एकेक सुटा रेणू सापडतो. पिगमेंटच्या कणात बाहेरचे रेणू झिजले तरी आतले शाबूत राहतात.

आता खरी मेख. 'पाण्यात विरघळणारा रंग' म्हटलं की लोक धरून चालतात की कागदावर पाणी पडताच तो ओघळणार. पण बाटलीत विरघळणं आणि कागदावर विरघळणं हे एकाच रंगाचे दोन वेगळे गुण आहेत. ते एकमेकांपासून तोडायचे कसे, यावरच या रंगांच्या संशोधनातली बरीच मेहनत खर्च झाली आहे.

सुरुवातीच्या इंकजेट शायांमध्ये काळ्यासाठी फूड ब्लॅक 2 नावाचा रंग वापरत. त्याच्या रेणूवर चार सल्फोनेट गट, म्हणजे सल्फोनिक आम्लाचे ऋणभारित तुकडे असतात. सल्फोनेटला पाण्याची अनावर ओढ. बाटलीत रंग झकास विरघळतो, नोझलमध्ये, म्हणजे शाईचे थेंब फेकणाऱ्या छिद्रांत, साका धरत नाही. पण सल्फोनिक आम्ल इतकं तीव्र, की कागद कसाही असो, हा गट आपला विद्युतभार सोडत नाही. म्हणून वाळलेल्या अक्षरावर थेंब पडला की रंग पुन्हा पाण्यात उतरतो. जून महिन्यात प्लास्टिकच्या फोल्डरमधून नेलेला अर्ज ओघळतो तो असा.

उपाय निघाला तो कार्बॉक्सिल या सौम्य आम्लाच्या गटातून. सल्फोनेटांची संख्या कमी करायची, त्यांच्या जागी कार्बॉक्सिल गट आणायचे आणि रंग अमोनियम क्षाराच्या रूपात ठेवायचा. शाई किंचित अल्कधर्मी ठेवली की हे गट भारित राहतात आणि रंग नीट विरघळतो. कागदावर पडल्यावर अमोनिया उडून जातो, आम्लधर्मी कागद प्रोटॉन (धनभारित हायड्रोजन) देतो, गटाचा भार जातो आणि मागे उरलेलं आम्लरूप पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. रंग तोच, बाटलीत विद्राव्य आणि कागदावर अविद्राव्य. इतकी देखणी युक्ती रंगांच्या रसायनात मी क्वचितच पाहिली आहे.

तिला मर्यादाही आहेत. आजच्या बऱ्याच कॉपियर कागदांत भराव म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्यामुळे कागद अल्कधर्मी होतो आणि प्रोटॉन मिळण्याची वाट अडते. काही कागदांवर मुद्दाम कॅल्शियमचे क्षार लावतात. ते कार्बॉक्सिल गटांना पकडून रंग जागच्या जागी गोठवतात, आणि पिगमेंटचे कणही तिथेच थांबवतात. इंकजेट फोटो पेपरवर बहुधा धनभारित पॉलिमरचा थर असतो, तो ऋणभारित डाय धरून ठेवतो. म्हणून एकाच बाटलीतली शाई फोटो पेपरवर पाणी सोसते आणि साध्या पानावर ओघळते. ओघळण्याचा दोष एकट्या शाईच्या माथी मारू नका, कागदही विचारा.

हेच कॅल्शियम बाटलीत आलं तर मात्र घात. शाई पातळ करायला बोअरचं पाणी घालणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका. कार्बॉक्सिल असलेल्या डायचा कॅल्शियम क्षार तिथेच साका धरतो आणि केसाहून बारीक नोझल बुजतात.

त्याहून वाईट सवय म्हणजे कापडाचा डाय पाण्यात ढवळून रिफिल म्हणून विकणं. "डाय तो डाय" म्हणे! कारखान्यात असा डाय बहुतेकदा मीठ घालूनच द्रावणातून खाली बसवतात, आणि पुढे त्याची तीव्रता ठरावीक करायलाही क्षार मिसळतात. रंगाऱ्याच्या टाकीत त्याने काही बिघडत नाही, उलट सुती धाग्यावर डाय चढायला मीठ लागतंच. पण प्रिंटहेडमध्ये क्लोराइड धातू खातं, आणि थर्मल हेडच्या, म्हणजे शाई तापवून थेंब फेकणाऱ्या हेडच्या, तापणाऱ्या पट्टीवर अशुद्धींची पुटं चढतात. म्हणून इंकजेटसाठी तोच डाय रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यांमधून पुन्हा पुन्हा शुद्ध करतात. माझ्या एका शेजाऱ्यांनी स्वस्त रिफिल भरलं आणि दोन महिन्यांत हेड गेलं. नवं हेड जवळपास प्रिंटरच्याच भावात पडलं.

काय घ्यावं? प्रतिज्ञापत्र, दाखला, करारनामा यांसाठी मी काळी पिगमेंटच घेतो, त्यात तडजोड नाही. फोटोसाठी डाय, तीही चांगल्या फोटो पेपरवर. बाटलीतून शाई ओतून भरायच्या अनेक टँक प्रिंटरांमध्ये काळी पिगमेंट आणि रंगीत बाटल्या डायच्या अशी विभागणी असते, आणि मला ती पटते. फक्त सेटिंगकडे लक्ष ठेवा. साधा कागद घालून प्रिंटरला 'फोटो पेपर' सांगितलं, तर यातले बरेच प्रिंटर काळी बाटली बाजूला ठेवतात आणि काळा रंग निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून तयार करतात. मग करारनाम्यातली अक्षरं दिसायला काळीच दिसतात, पण ती असतात डायची.