चाक फिरतं, पान कुठे जातं?

इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात एक तक्रार हल्ली कानावर येते. पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी मुलं आपला मॅक, म्हणजे ॲपलचा संगणक, आई-बाबांकडे ठेवून जातात. बाबा त्याला सवयीचा चाकाचा माउस जोडतात आणि चाक आपल्याकडे ओढलं, तर पुढचा मजकूर येण्याऐवजी मागचा येतो. माउस बिघडला असं समजून नवा आणला जातो, तर तोही तसाच वागतो. माउसमध्ये दोष नसतोच. सरकायचं कोणी, पानाने की खिडकीने, हा जुना प्रश्न त्याच्यामागे आहे.

अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगाला दाखवला. त्याच्या पहिल्या लाकडी नमुन्याला चाकं होती, पण ती पोटाखाली, जागा मोजण्यासाठी. बोटाखालचं चाक यायला आणखी पाव शतक लागलं. मधल्या काळात पडद्याच्या कडेला स्क्रोलबार आला. त्यातला ठोकळा म्हणजे लांबलचक कागदावरची आपली खिडकी. खिडकी खाली नेली की मजकूर वर सरकतो. १९८४चा मॅकिंटॉश आणि १९८५चं विंडोज, दोन्हींत हाच हिशेब होता.

१९९३च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलवर काम करणाऱ्या एरिक मिकलमनच्या लक्षात आलं की, मोठ्या तक्त्यांत लोक इकडून तिकडे जाताना फार अडखळतात. त्याला आधी हवं होतं ते तक्ता लहानमोठा करणारं साधन. त्या खटपटीतून पुढे चाक आलं. १९९५मध्ये माउस सिस्टिम्स या कंपनीचा चाकाचा माउस बाजारात आला होता, पण घरोघरी पोचला तो १९९६चा मायक्रोसॉफ्ट इंटेलिमाउस, कारण ऑफिस ९७ला चाकाची भाषा कळत होती. चाक स्क्रोलबारला बांधलं गेलं: आपल्याकडे ओढा, ठोकळा खाली, मजकूर वर. मला ही दिशा आजही पटते, आणि ती नुसत्या सवयीमुळे नाही. चाक खरोखर कागदावर टेकलंय असं समजा. वरची कड आपल्याकडे आली, तर खालची कड पलीकडे जाते आणि कागदालाही पलीकडे, म्हणजे वर ढकलते.

२००७मध्ये आयफोन आला आणि मधलं चाकच गेलं. बोट थेट पानावर. गुंडाळलेली जन्मपत्रिका वाचताना वाचलेला भाग आपण वर सारतो आणि पुढचा उलगडतो, तसं बोट वर, मजकूरही वर. ॲपलने २० जुलै २०११ला आलेल्या मॅक ओएस एक्स लायनमध्ये हीच चाल संगणकावर आणली, तिला ‘नॅचरल’ म्हटलं आणि ती आधीपासून चालू ठेवली. ट्रॅकपॅडवर, म्हणजे लॅपटॉपच्या बोट फिरवायच्या पट्टीवर, ती शोभतेही. पण तोच नियम चाकालाही लागला, आणि तिथे तो माझ्या मते चुकला. बोट चाकावर असतं, पानावर नसतं.

लिनक्सवाल्यांना हे बदलणं फारसं जड गेलं नाही. पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या जुन्या एक्स११ या यंत्रणेत चाकाची वरची-खालची हालचाल म्हणजे ४ आणि ५ क्रमांकाची बटणं. आकडे अदलाबदल केले की दिशा फिरली. विंडोजमध्ये मात्र वर्षानुवर्षं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, शिरून त्या माउसच्या नोंदीखाली ‘फ्लिपफ्लॉपव्हील’चं ० काढून १ करावं लागे आणि माउस काढून पुन्हा जोडावा लागे. ज्यांना रजिस्ट्री शब्दाचीच धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हा मार्ग नव्हताच. विंडोज ११च्या अलीकडच्या अपडेटनंतर माउसच्या सेटिंगमध्येच स्क्रोलची दिशा निवडता येते, हे फार बरं झालं.

मॅकची अडचण वेगळी आहे. तिथे सेटिंग सोपं, पण सेटिंगमधल्या माउस आणि ट्रॅकपॅड या दोन पानांवर दिसणारी बटणं आतून एकच आहेत. बाबांनी माउसची दिशा बदलली की सुट्टीत घरी आलेल्या मुलीचा ट्रॅकपॅड उलटा चालतो. तिने ती परत फिरवली की बाबांची तक्रार पुन्हा सुरू. दोघांनाही हवं ते मिळावं, तर ‘स्क्रोल रिव्हर्सर’सारखं वेगळं ॲप टाकावं लागतं. ते टाकून द्यायचं काम मुलीने पुण्याला परतण्याआधी उरकावं.