सव्वीस खुंट्यांवरची इंग्रजी

शाळेत आपण स्पेलिंगं चालीवर पाठ केली: बी-ई-ए-यू-टी-आय-एफ-यू-एल, ब्यूटिफुल. त्याच चालीवर आता 'सबकॉन्टिनेंटल' म्हणून बघा. एस-यू-बी-सी-ओ-एन-टी-आय-एन-ई-एन-टी-ए-एल. आपल्या उपखंडासाठीचा, बातम्यांत कितीदा तरी ऐकलेला शब्द. त्यात इंग्रजीचे पाचही स्वर आहेत, प्रत्येक एकदाच, आणि तेही बरोब्बर उलट्या क्रमाने: यू, ओ, आय, ई, ए. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर एकेका स्वराला गोल करत तीनदा खात्री करून घेतली होती.

असे शब्द सापडतात कसे? छापील डिक्शनरी इथे उपयोगी पडत नाही, कारण ती पहिल्या अक्षरावरून लावलेली असते. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत नावावरून नंबर झटकन मिळायचा. नंबरावरून नाव हवं असेल तर पहिल्या पानापासून बोट फिरवत बसावं लागे. 'ज्यात ही ही अक्षरं आहेत असा लांब शब्द' हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

त्यातून सगळी अक्षरं सारखी वाट्याला येत नाहीत. साध्या इंग्रजी मजकुरात दर शंभर अक्षरांत बारा-तेरा ई असतात, आणि क्यू किंवा झेड शोधूनही मिळत नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेलेला आल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकन आर्किटेक्ट वर्तमानपत्रांतली अक्षरं हातानं मोजत बसला, आणि त्या मोजणीतून पुढे स्क्रॅबल हा शब्द जुळवायचा खेळ उभा राहिला. त्याच्या १०० सोंगट्यांत ई १२ आहेत. क्यू आणि झेड एकेकच, पण दहा-दहा गुणांचे.

आता एकही अक्षर पुन्हा न येणारे लांब शब्द घ्या. 'अनकॉपीराइटेबल' हा १५ अक्षरांचा. 'डर्मॅटोग्लिफिक्स' हाही १५ चा. बोटांच्या ठशांतल्या रेषांच्या अभ्यासाला हॅरल्ड कमिन्सने १९२६ मध्ये दिलेलं नाव. डी-ई-आर-एम-ए-टी-ओ-जी-एल-वाय-पी-एच-आय-सी-एस: एकाही अक्षराची पुनरुक्ती नाही. हे किती दुर्मीळ? पिशवीत २६ अक्षरं आहेत, दर वेळी एक काढायचं, पाहायचं आणि परत टाकायचं, असं १५ वेळा केलं, तर पंधराही वेगळी निघण्याची शक्यता हजारात सहाच्या आसपास येते. खऱ्या भाषेत ती आणखी घटते, कारण लांब इंग्रजी शब्द बहुधा प्रत्यय जोडत वाढतात, आणि त्या प्रत्ययांत तीच तीच ई, आय, एन, टी, एस येत राहतात.

संगणकाची युक्ती मला फार आवडते. भिंतीवर २६ खुंट्या ठोकल्या आहेत असं समजा, ए पासून झेडपर्यंत. शब्दात जे अक्षर असेल त्याच्या खुंटीवर टोपी अडकवायची. पहिल्या खुंटीची किंमत १, दुसरीची २, तिसरीची ४, अशी दुप्पट होत जाते. टोप्या असलेल्या खुंट्यांची बेरीज केली की शब्दाचा एक आकडा तयार होतो. पाच स्वरांचा आकडा १ + १६ + २५६ + १६,३८४ + १०,४८,५७६, म्हणजे १०,६५,२३३. हा आकडा शब्दाच्या आकड्यावर ठेवून 'या पाचही खुंट्या भरल्यात का' एवढंच संगणक विचारतो, आणि उत्तर एक-दोन क्रियांत मिळतं. स्पेलिंग वाचावंच लागत नाही.

या खुंट्यांचा सगळ्यात देखणा वापर २०२२ मध्ये दिसला. यूट्यूबवर गणितावर बोलणाऱ्या मॅट पार्करने एक प्रश्न घेतला: पाच अक्षरांचे पाच शब्द, मिळून २५ वेगवेगळी अक्षरं. त्याच्या स्वतःच्या प्रोग्रामला उत्तरं काढायला जवळजवळ ३२ दिवस लागले. मग प्रेक्षकांनी मनावर घेतलं आणि तेच काम काही मिलिसेकंदांवर आणून ठेवलं. वेगवान संगणक आणि नेटका कोड यांचा त्यात वाटा आहेच, पण खरी मजा विचारात आहे. 'टी' म्हणजे चहा, 'ईट' म्हणजे खा आणि 'एट' म्हणजे जेवला, या तिघांची अक्षरं तीच, म्हणून आकडाही एकच. तेव्हा असे शब्द तिघांऐवजी एकदाच तपासायचे. एक शब्द निवडला की त्याच्या एखाद्याही खुंटीवर टोपी असलेले बाकीचे सगळे शब्द बाद, म्हणजे पुढची यादी झपाट्यानं आखडते. आणि २६ पैकी एकच अक्षर सुटणार असेल, तर क्यू आणि जे या दोघांपैकी एक तरी आलंच पाहिजे! मग सुरुवात त्या मूठभर शब्दांपासूनच करायची. एक उत्तर असं: फ्योर्ड, गक्स, निंफ, व्हायबेक्स, वॉल्ट्झ. यात सुटलेलं अक्षर क्यू.

खुंट्यांना क्रम मात्र कळत नाही. 'ए नंतर कुठेतरी ई, मग आय, मग ओ, मग यू' असा साचा हवा असेल तर युनिक्स या संगणकप्रणालीवरची 'ग्रेप' ही आज्ञा लागते. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने ती लिहिली. मोठ्या शब्दयादीवर ती चालवली की 'फसीशस' आणि 'अ‍ॅब्स्टेमियस' डोळ्याची पापणी लवते न लवते तोच समोर येतात.

हेच मराठीसाठी करायला बसलो तर पहिल्याच पायरीवर थांबावं लागलं. 'शब्द' हाच शब्द घ्या. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, संगणकाजवळ चार खुणा असतात: श, ब, हलन्त, द. 'इ असलेले शब्द दाखव' म्हटलं तर 'विहीर' यावी का? संगणकात इ ची खूण वेगळी आणि वेलांटीची वेगळी, त्यामुळे आपण होऊन ती येत नाही. पण 'वि' म्हणताना इ ऐकू येतेच की. म्हणून माझ्या यादीत मी त्या दोघींना एकच खुंटी दिली आहे.